खोक्याच्या आतला खोका

“दुसरा कुठला, साहेब? इथे मशीन एकच आहे.”

सर्व्हर रूममधला मुलगा हे बोलला तेव्हा त्याच्या हातात टॉर्च होता आणि माझ्या हातात कागद. कागदावर दोन घनाकृती खोके शेजारी शेजारी काढलेले होते. एकावर लिहिलं होतं ‘ॲप्लिकेशन सर्व्हर १’, दुसऱ्यावर ‘ॲप्लिकेशन सर्व्हर २’. पहिला बंद पडला तर दुसरा काम सांभाळेल, असं खाली एका ओळीत नमूद होतं. ते चित्र मी काढलं होतं.

वार गुरुवार. पुण्यात गुरुवार दुरुस्तीचा. वीजवाहिन्यांची कामं गुरुवारी निघतात, पाणीही बहुधा गुरुवारीच बंद राहतं, घरोघरी बुधवारी रात्री पिंपं भरून ठेवतात. २००३ च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथून पतसंस्थांची एक प्रणाली चालवली जायची. सकाळी वीज गेली, युपीएसने भार घेतला. दुपारी वीज परत आली ती एका मशीनचा पॉवर सप्लाय जाळूनच. एरवी किरकोळ बाब. पण आमचे ‘दोन्ही’ सर्व्हर एकदम गेले. संध्याकाळी पिग्मी एजंट दिवसभराची जमा घेऊन शाखांमध्ये परतू लागले तेव्हा पलीकडून उत्तर द्यायला कुणी नव्हतं. रोज दहा-वीस रुपये बाजूला टाकणाऱ्या भाजीवाल्यांचे, रिक्षावाल्यांचे पैसे त्या रात्री वहीत हाताने लिहावे लागले. हिशेब जुळायला पुढचे तीन दिवस गेले.

कुणी खोटं बोललं नव्हतं, याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. जावाच्या जगात ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ म्हणजे एक प्रोग्राम. एकाच मशीनवर असे दोन प्रोग्राम दोन वेगवेगळ्या पोर्टवर सुखाने नांदतात. चित्र काढताना माझ्या डोक्यात ते दोन प्रोग्राम होते. खरेदी विभागाने मशीनची मेमरी बघितली, दोन्ही प्रोग्राम तिच्यात मावतात हे पाहिलं आणि एकच मशीन मागवलं. पतसंस्थेच्या माणसाने चित्र पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दोन लोखंडी पेट्या उभ्या राहिल्या. आम्ही तिघांनी त्याच कागदावर सह्या केल्या होत्या.

या प्रकारच्या चित्राला डिप्लॉयमेंट डायग्राम म्हणतात. प्रोग्राम लिहून झाला की तो कुठल्या मशीनवर, कुठल्या वातावरणात उतरवायचा, कुणाचा कुणाशी संपर्क राहील, हे त्यात दाखवतात. सॉफ्टवेअरच्या सगळ्या चित्रांमध्ये हे सर्वांत दुर्लक्षित. क्लास डायग्रामवर तासन् तास वाद व्हायचे, आणि हे चित्र मात्र सुपूर्द करण्याच्या आदल्या रात्री काढलं जायचं. पण मशीन बंद पडतं त्या रात्री क्लास डायग्राम कुणी उघडत नाही. हेच चित्र शोधतात.

त्या काळी पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांत अशी चित्रं काढायला रॅशनल रोझ हे सॉफ्टवेअर वापरत. ज्यांनी ते वापरलंय त्यांना डावीकडचं झाड आठवत असेल: यूज केस व्ह्यू, लॉजिकल व्ह्यू, कंपोनंट व्ह्यू आणि तळाशी एकटं डिप्लॉयमेंट व्ह्यू. बाकीच्या भागांत हवी तेवढी चित्रं काढता यायची. डिप्लॉयमेंटचं मात्र अख्ख्या मॉडेलमध्ये एकच. टेस्टिंगची मांडणी वेगळी आणि खरी मांडणी वेगळी हे दाखवायचं असेल तर दुसरी फाइल करावी लागे. आणि त्या एका चित्रात दोनच प्रकारचे खोके मिळायचे. एक ‘प्रोसेसर’, ज्याच्या कडा गडद रंगवलेल्या. दुसरा ‘डिव्हाइस’, साधा. ज्याच्यात प्रोग्राम चालवायची ताकद आहे तो प्रोसेसर. ज्याच्यात नाही तो डिव्हाइस, म्हणजे मोडेम, प्रिंटर वगैरे. ही विभागणी ग्रेडी बूचच्या जुन्या पद्धतीतून आलेली. यूएमएल या प्रमाण चित्रभाषेच्या १.१ आवृत्तीला ओएमजी या संस्थेने नोव्हेंबर १९९७ मध्ये मान्यता दिली. बूच, जेम्स रम्बो आणि इव्हार जेकबसन या तिघांच्या पद्धती तिच्यात एकवटल्या होत्या. पण लोखंड आणि लोखंडावरचं वातावरण यांना वेगळं ओळखणारी प्रमाण खूण तिच्यातही नव्हती. नोड म्हणजे घन, एवढंच.

मी दोन ‘प्रोसेसर’ ओढले, नावं लिहिली आणि झोपायला गेलो. तिसरा पर्याय असू शकतो हा विचारही मनात आला नाही.

तो पर्याय २००५ मध्ये यूएमएल २.० बरोबर आला. नोडचे दोन खास प्रकार झाले: ‘डिव्हाइस’ आणि ‘एक्झिक्युशन एन्व्हायर्न्मेंट’. डिव्हाइस म्हणजे प्रत्यक्ष यंत्र. एक्झिक्युशन एन्व्हायर्न्मेंट म्हणजे त्या यंत्रावर चालणारं, पण इतर प्रोग्रामना स्वतःत जागा देणारं सॉफ्टवेअर: ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, जावाचा कंटेनर. प्रत्यक्ष उतरवायची फाइल, म्हणजे वॉर किंवा जार, तिचं नाव ‘आर्टिफॅक्ट’. आणि खोक्यात खोका काढायची रीतसर सोय झाली. बाहेर लोखंड, त्याच्या आत वातावरण, त्याच्या आत आर्टिफॅक्ट. प्रत्येक खोक्याच्या माथ्यावर दुहेरी कोनी कंसात प्रकार लिहायचा.

आमच्याकडे नव्या मुलांना हे शिकवताना एक ज्येष्ठ सहकारी वाड्याचं उदाहरण द्यायच्या. त्यांचं लहानपण सदाशिव पेठेत गेलं होतं. “वाडा म्हणजे डिव्हाइस,” त्या म्हणायच्या. “वाड्यातल्या खोल्या म्हणजे एन्व्हायर्न्मेंट. खोलीत राहायला आलेलं बिऱ्हाड म्हणजे आर्टिफॅक्ट. पत्त्यावर दोन खोल्या लिहिल्या म्हणून दोन वाडे होत नाहीत. वाडा पडला की सगळी बिऱ्हाडं रस्त्यावर.” मला माझ्या गुरुवारचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी करून दिलेलं नाही.

नव्या खुणांनी एक घोळ मात्र नव्याने घातला. ‘डिव्हाइस’चा अर्थ उलटला होता. बूचच्या पद्धतीत ज्याच्यात प्रोग्राम चालत नाही तो डिव्हाइस. यूएमएल २ मध्ये डिव्हाइस म्हणजे गणनशक्ती असलेलं, ज्यावर आर्टिफॅक्ट उतरवता येईल असं यंत्र. शब्द तोच, अर्थ विरुद्ध. एका आढावा बैठकीत जुन्या वळणाच्या सहकाऱ्याने शाखेतला पासबुक प्रिंटर ‘डिव्हाइस’ म्हणून काढला. नव्या पिढीच्या मुलीने प्रामाणिकपणे विचारलं, “सर, ह्याच्यावर कुठलं आर्टिफॅक्ट उतरवायचं? यादीत नाहीये.” दोघंही बरोबर होते. अर्धा तास आपण भांडतोय कशावर हेच कळत नव्हतं. शेवटी कुणीतरी दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ठेवली. एक जुनं, एक नवं. तेव्हापासून मी चित्राच्या कोपऱ्यात यूएमएलची आवृत्ती लिहितो. नकाशावर उत्तर दिशेचा बाण काढतात, तितकीच ती खूण गरजेची आहे.

कुठला प्रोग्राम कुठल्या लोखंडावर, हा प्रश्न पुण्यात या सगळ्याच्या कितीतरी आधी, आणि फार मोठ्या प्रमाणावर, हाताळला गेला होता, हे मला उशिरा समजलं.

अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यावर बंधनं घातली त्या काळात, मार्च १९८८ मध्ये, सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना झाली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात काम सुरू झालं. तीन वर्षांत स्वतःचा महासंगणक उभा करायचा होता. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. तो एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर नव्हता. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर जोडून केलेली ती ६४ नोडची यंत्रणा होती. प्रत्येक नोडची मेमरी स्वतःची, सामायिक काहीच नाही. आणि प्रत्येक ट्रान्सप्युटरला बाहेर पडणारे दुवे फक्त चार.

ट्रान्सप्युटरवर काम केलेल्या एका सद्गृहस्थांच्या हाताखाली मी पुढे काही वर्षं होतो. ते सांगायचे, “आम्हाला शेजारी चारच. पाचव्याशी बोलायचं तर चौथ्याच्या घरातून जावं लागायचं.” ट्रान्सप्युटरची मूळ भाषा ऑकॅम. प्रोग्राम म्हणजे एकमेकींशी वाहिन्यांतून बोलणाऱ्या प्रक्रिया. पण तेवढं लिहून भागत नसे. कुठली प्रक्रिया कुठल्या प्रोसेसरवर आणि कुठली वाहिनी कुठल्या दुव्यावर, हेही भाषेतच सांगावं लागायचं. त्यासाठी शब्दच होते: ‘प्लेस्ड पार’, ‘प्रोसेसर’, ‘प्लेस’. म्हणजे आपण ज्याला डिप्लॉयमेंट डायग्राम म्हणतो ती त्यांच्याकडे भिंतीवर नव्हती, प्रोग्रामच्या आत होती. ती चुकली तर प्रोग्राम हलत नसे. म्हणून ते आलेख-कागद घ्यायचे, प्रत्येक चौकोनाला चार काड्या काढायचे आणि कुठल्या काडीला कुठली तार हे पेन्सिलीने लिहून काढायचे. खोडरबर संपायचे, म्हणाले.

माझं कुठलंही चित्र त्यांच्यापुढे गेलं की ते आधी खोके बघत नसत. दोन खोक्यांमधल्या रेघेवर बोट ठेवून विचारत, “ह्या रेघेची तार कुठली?” सुरुवातीला मला हा प्रश्न जुनाट वाटायचा. नेटवर्क आहे, जाईल कुठून तरी, असं मी मनात म्हणायचो. पुढे एकदा दोन ‘स्वतंत्र’ जोडण्या एकाच स्विचमधून जात असल्याचं उघड झालं, तेव्हा मी त्यांना फोन करून सांगितलं. ते हसले नाहीत. “लिहून ठेव,” एवढंच म्हणाले.

सी-डॅकच्या त्या कामातली मला सर्वांत भावणारी गोष्ट नावांची आहे. यंत्राचं नाव परम. त्यावर समांतर प्रोग्राम लिहिण्या-चालवण्यासाठी जे वातावरण केलं त्याचं नाव पारस. फोर्ट्रान किंवा सी लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाने तारा मोजत बसू नये म्हणून पारस. लोखंड वेगळं, लोखंडावरचं वातावरण वेगळं, दोघांना दोन नावं. यूएमएलमध्ये हा भेद यायला अजून चौदा वर्षं लागायची होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत, टाटांच्या टीसीएसची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ पासून होती. मॉडेल काढा आणि त्यातून प्रोग्राम तयार करून घ्या, या विचारावर तिथे दीर्घ काळ काम झालं. ओएमजीच्या क्यूव्हीटी या मानकाच्या घडणीत टीसीएसचा सहभाग होता तो या परंपरेतून. व्यवहाराचं मॉडेल वेगळं ठेवायचं आणि ते ज्या प्लॅटफॉर्मवर चालणार त्याचं वेगळं, हा त्या विचाराचा कणा. एका मॉडेलमधून दुसरं काढायचे नियम क्यूव्हीटीत लिहितात. खोक्यांच्या खुणा ठरवणाऱ्या जागतिक चर्चेत पुणं असं दुरून नव्हे, आतून सामील होतं, याचा मला अभिमान वाटतो.

आता माझी दुसरी चूक. ही २००७-०८ ची, दुसऱ्या कंपनीतली.

गुरुवारच्या धड्यानंतर मी लोखंडाविषयी फार काटेकोर झालो होतो. चित्रात प्रत्येक डिव्हाइसचं मॉडेल, प्रोसेसर, मेमरी लिहायचो. एका मोठ्या अहवाल-प्रणालीसाठी १६ जीबी मेमरीचं मशीन मागवलं आणि खोक्यावर ठळक ‘१६ जीबी’ लिहिलं. महिनाअखेरीस अहवाल काढायला घेतले की प्रणाली मेमरी संपल्याचं सांगून कोसळायची. मशीनकडे पाहावं तर निम्म्याहून जास्त मेमरी मोकळी. दोन रात्री आम्ही प्रोग्राममध्ये गळती शोधत होतो. तिसऱ्या रात्री एकाने कमांड लाइनवर जावाची आवृत्ती विचारली. जावा ३२ बिटची होती. विंडोजवरच्या ३२ बिट जावाला हीप म्हणून साधारण दीड जीबीच्या पुढे फारसं काही मिळत नाही, यंत्रात सोळा असोत की चौसष्ट. कुणीतरी जुन्या मशीनवरचं इन्स्टॉलर जसंच्या तसं वापरलं होतं.

माझ्या चित्रात या वेळी बाहेरचा खोका बिनचूक होता. आतला नव्हताच. आर्टिफॅक्ट मी थेट लोखंडात ठेवलं होतं, जणू मधे काही नाहीच. एक्झिक्युशन एन्व्हायर्न्मेंटचा खोका काढला असता तर त्यावर काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि लिहिताना कुणाला तरी विचारावं लागलं असतं. चित्राचा खरा उपयोग मला त्या रात्री कळला. प्रत्येक रिकामा खोका एक प्रश्न विचारतो. खोकाच काढला नाही तर प्रश्नही उठत नाही.

मधला खोका खरोखरच नसतो अशीही ठिकाणं आहेत, आणि त्यातलं एक पुण्याहून दोन तासांवर आहे.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथे प्रदर्शन भरतं. आसपासच्या गावांतल्या शाळांची मुलं रांगा लावून येतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी साधारण किलोमीटरभराच्या परिसरात, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात. तिथे कोरिलेटर प्रत्येक तबकडीच्या संकेताची इतर प्रत्येकीशी तुलना करतो. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या, अखंड.

या कोरिलेटरचा इतिहास माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. आधी ते काम खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर व्हायचं. चित्र काढायचं तर कोरिलेटर म्हणजे एक डिव्हाइस. २०१० च्या सुमारास तेच काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्स क्लस्टरवर आणलं गेलं. कोरिलेटर आता प्रोग्राम झाला, म्हणजे वातावरणात उतरवलेलं आर्टिफॅक्ट. नंतर दुर्बिणीचा विस्तार झाला, एका वेळी हाताळायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला, तेव्हा कामाची वाटणी झाली: संकेत अंकांत बदलून त्यांची पाकिटं करायची ती एफपीजीएवर, आणि जोड्यांची तुलना जीपीयू बसवलेल्या सर्व्हरवर. काम तेच. ते लोखंडातून प्रोग्राममध्ये गेलं आणि निम्मं परत लोखंडाजवळ आलं.

एफपीजीए चित्रात कसा काढायचा यावर मी मित्रांशी बरंच बोललो आहे. ती चिप म्हणजे लोखंड, यात शंका नाही. पण तिच्यातलं मंडल एका फाइलमधून चढवतात. फाइल बदलली की चिप दुसरंच यंत्र होते. ती फाइल आर्टिफॅक्ट, आणि ती थेट डिव्हाइसवर बसते. तिच्याखाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही, कंटेनर नाही. इथे मधला खोका न काढणं हेच खरं चित्र. मी ३२ बिटच्या वेळी जे चुकून केलं ते इथे जाणूनबुजून करायचं, आणि शेजारी टीप लिहायची की हे मुद्दाम आहे.

खोडदला आणखी एक गोष्ट दिसते जिला यूएमएलमध्ये चिन्ह नाही. संगणक स्वतः रेडिओलहरी सोडतात आणि दुर्बीण तर आकाशातल्या अतिक्षीण लहरी ऐकायला बसलेली. म्हणून ती यंत्रं लहरी अडवणाऱ्या, धातूने मढवलेल्या खोल्यांत ठेवतात. खोलीचं दार बंद आहे की उघडं यावर निरीक्षणाची शुद्धता ठरते. प्रमाण चित्रात खोली नसते, दार तर नसतंच. पण यूएमएल स्वतःचा स्टिरिओटाइप करायची मुभा देते. मी तिथला अभियंता असतो तर सर्वांत बाहेरचा खोका त्या खोलीचा काढला असता.

रेघेला लांबीही नसते. चित्रातली रेघ दोन बोटांची असो वा वीतभर, अर्थ एकच. खऱ्या तारेचं तसं नाही. १९७६ च्या क्रे-१ ला इंग्रजी सी अक्षरासारखा बाक दिला होता, कारण आतल्या तारा आखूड राहायला हव्या होत्या. पुण्यात टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने ‘एका’ हा महासंगणक उभारला तेव्हा रॅक जवळजवळ वर्तुळाकार मांडले. १७९४ नोड, प्रत्येकात दोन क्वाड-कोअर प्रोसेसर, म्हणजे १४,३५२ कोअर, आणि त्यांना जोडणारं इन्फिनिबँडचं जाळं. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत ११७.९ टेराफ्लॉप्सच्या वेगाने तो चौथा आला, आशियात पहिला. इतके खोके कागदावर काढता येत नाहीत. एक काढून कोपऱ्यात संख्या लिहितात. पण वर्तुळ त्या संख्येत दिसत नाही.

आणि आता ढग, म्हणजे क्लाउड.

आजच्या चित्रांत बाहेरचा खोका हळूहळू पुसला गेला आहे. कंटेनर आहे, त्याला चालवणारं रनटाइम आहे, ते व्हर्च्युअल मशीनवर आहे, व्हर्च्युअल मशीन हायपरवायझरवर. एकात एक चार एन्व्हायर्न्मेंट, आणि सगळ्यांभोवती ढगाचा आकार. लोखंड कुठे? मागच्या वर्षी एका मुलीने मला असं चित्र आणून दाखवलं. काम हिंजवडीत चाललेलं, वापरणारी कार्यालयं पुण्यातच, आणि ढगावर लिहिलेलं ‘सेंट्रल इंडिया’. मी विचारलं, हे कुठे आलं? ती म्हणाली, “नागपूरच्या बाजूला असेल ना, सर? मध्य भारत.” मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ॲझ्युअरची भारतातली केंद्रं सुरू केली, त्यातलं ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे. तिचे खोके तिच्याच शहरात उभे होते.

तिला ते खरं वाटेना. मग तिने शोधून खात्री केली आणि थोडा वेळ गप्प बसली. नंतर तिने स्वतःहून विचारलं, “म्हणजे आपलं ऑफिस आणि आपला बॅकअप एकाच गावात? पूर आला, भूकंप झाला तर?” हा प्रश्न तिला ढगाने विचारला नव्हता. ढगाच्या जागी खोका काढून त्यावर ‘पुणे’ लिहिल्याबरोबर तो आपोआप आला. आम्ही त्या केंद्रातले वेगवेगळे झोन तीन स्वतंत्र खोके म्हणून काढले. झोन म्हणजे वीज, थंडावा आणि नेटवर्क वेगळं असलेली जागा, माझ्या गुरुवारचं खरं उत्तर. बॅकअपची प्रत तिने चेन्नईच्या खोक्यात नेऊन ठेवली. ज्या लोखंडाचं मॉडेल आम्हाला कधीच कळणार नाही त्या खोक्यावर तिने ‘डिव्हाइस, तपशील पुरवठादाराकडे’ असं लिहिलं. माहीत नाही हेसुद्धा चित्रात लिहिता येतं, आणि लिहायलाच हवं.

तिला मी तो जुना कागद दाखवला. त्या गुरुवारनंतरच्या शनिवारचा.

जळालेला पॉवर सप्लाय तपकीर गल्लीतून आणून बसवला होता, मशीन चालू झालं होतं, दुसऱ्या मशीनची मागणी गेली होती. सर्व्हर रूममधल्या त्या मुलाला मी वर माझ्या टेबलाशी बोलावलं आणि म्हटलं, चल, चित्र परत काढू, या वेळी तू सांग. तो आधी संकोचला. चित्रं काढणं हे वरच्या मजल्याचं काम, अशी त्याची समजूत होती. मग त्याने माझ्या प्रत्येक खोक्याला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: “हा उचलायला किती माणसं लागतील, साहेब?” डेटाबेस? एकही नाही. ॲप्लिकेशन सर्व्हर? एकही नाही. ज्याला माणसं लागत नाहीत तो खोका आत जायचा, ज्याला लागतात तो बाहेर राहायचा. यूएमएल २ यायला अजून अवकाश होता आणि त्याने ते पुस्तक पुढेही कधी उघडलं असेल असं वाटत नाही.

दोन मशीनचं चित्र पुरं झालं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. त्याने ते उचललं. दोन्ही खोक्यांच्या खाली तिसरा खोका काढला, माझ्या हातून कधीच आला नसता असा वेडावाकडा, आणि दोन्हींपासून त्यात रेघा आणून सोडल्या. “युपीएस,” तो म्हणाला. “दुसरं मशीन आलं तरी प्लग ह्याच्यातच जाणार. आधी हा दुसरा घ्या.”

मग कागद स्वतःकडे वळवून त्याने खोक्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: तळमजला, जिन्याखाली. किल्ली वॉचमनकडे.